तुळशीच्या काड्यांचा कडुनिंब

माणूस दोन सेंटीमीटरचा धरला, की कडुनिंब बारा-तेरा सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. बाभूळ सात-आठ. पळस त्याहून जरा बुटका, आणि तोही वाकडा हवा. सरळ वाढलेला पळस बाबांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, म्हणून त्यांच्या स्टेशनवर तो चालणार नव्हता. ही मापं मला अजून पाठ आहेत. त्या हिवाळ्यात मी गॅस नोंदवायला विसरले, शाळेतल्या कपाटाची किल्ली दोनदा घरी विसरून गेले, पण झाडांची मापं चुकले नाही.

बाबा रेल्वेत गार्ड होते. उज्जैनहून सुटणाऱ्या मीटरगेजच्या छोट्या गाडीवर त्यांची निम्म्याहून जास्त नोकरी गेली. ती लाइन आता उखडून टाकली आहे. निवृत्त झाल्यावर काही वर्षं ते नुसते पेपर वाचत बसले, आणि मग एक दिवस गच्चीवरच्या खोलीत जुन्या दाराची फळी आडवी टाकून तिच्यावर त्या लाइनीवरचं एक लहानसं स्टेशन बांधायला लागले. रूळ आणि विजेवर चालणारी छोटी गाडी माझ्या भावाने पुण्याहून आणून दिली. फलाट, तिकिटाची खिडकी, पाण्याची टाकी, फाटक, सगळं बाबांनी पुठ्ठ्याचं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचं केलं. राहिली फक्त झाडं. प्लास्टिकची तयार झाडं एकदा मागवून पाहिली. ‘केकवर लावायला छान आहेत’ असं म्हणून बाबांनी ती डब्यात घालून ठेवली.

मग दिवाळीनंतर त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. एकदा भाजी घेऊन येताना ते गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसून राहिले आणि घरी येऊन म्हणाले, ‘काही नाही, चप्पल टोचत होती.’ आईला बरोबर घेऊन मी त्यांना इंदूरला नेलं. तपासण्या झाल्या. हृदयातली एक झडप आकसून गेली होती. ती बदलायला हवी होती.

‘लांबवू नका,’ डॉक्टर म्हणाले. ‘यात अचानक काहीही होऊ शकतं.’

मी एका शाळेचं ऑफिस सांभाळते. परीक्षा, प्रवेश, सहल, पाहुणे, पाण्याची टाकी धुणं, प्रत्येक गोष्टीची माझ्याकडे यादी असते आणि प्रत्येक यादीत एक रकाना ‘कधी’ असा असतो. ‘अचानक’ हा शब्द त्या रकान्यात लिहिता येत नाही. परतीच्या गाडीत मी तो शब्द मनातल्या मनात सगळीकडे लिहून पाहिला. तो कुठेच बसेना.

बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. सांवेर मागे पडल्यावर म्हणाले, ‘झाडं होऊन जाऊ देत. मग बघू.’

‘किती झाडं?’ मी विचारलं.

‘हे बघ आमचं कंट्रोल ऑफिस सुरू झालं,’ ते आईला म्हणाले. गाड्या कुठे थांबवायच्या आणि कुठे सोडायच्या ते रेल्वेत कंट्रोलवाले ठरवतात, आणि गार्ड लोक आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटं मोडतात. घरात मला लहानपणापासून हेच नाव होतं.

मला मात्र बरं वाटलं होतं. झाडं झाल्यावर ऑपरेशन, ही अट म्हणजे हातात धरता येण्यासारखी गोष्ट होती. घरी आल्यावर मी त्यांच्याशेजारी बसून झाडं लिहून घेतली. फाटकाजवळ दोन बाभळी. मालधक्क्यामागे पळसाची रांग. टाकीपाशी एक चिंच. स्टेशनमास्तरच्या क्वार्टरसमोर पेरू. आणि फलाटाच्या मध्यावर, ज्याखाली सगळी सवारी गाडीची वाट बघत बसायची, तो मोठा कडुनिंब. तो शेवटी करायचा, बाबा म्हणाले. तो आला की स्टेशन पुरं.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे फळी खाली आणली. गल्लीतल्या चौघांना चहा कबूल करून ते सगळं स्टेशन जिन्यावरून आडवं-तिरपं करत बैठकीत उतरवलं, म्हणजे बाबांना चढायला नको. जागा करायला देवघराचं काचेच्या दारांचं उंच कपाट भिंतीशी सरकवावं लागलं. सरकवताना ते कलंडू नये म्हणून मी त्याचा वरचा खण रिकामा केला आणि त्यातलं सगळं खालच्या खणात नीट लावून ठेवलं. उदबत्त्या, जानवी, काशीहून आणलेला गंगेचा बंद गडू, आणि लाल कापडात बांधलेलं एक लांबट गाठोडं. सगळं हाताशी आलं म्हणून तेव्हा मला समाधान वाटलं होतं.

मग सामान. या कामाला लागतं ते बाजारात मिळत नाही, रस्त्याच्या कडेला मिळतं. ज्या काडीला बारीक फांद्या, त्या फांदीला आणखी बारीक फांद्या, अशी काडी हवी. आघाडा चालतो. वाळलेल्या गवताचे तुरे चालतात. कोथिंबिरीची मुळं धुऊन उलटी धरली तर पानगळ झालेलं झाड वाटतं. हा शोध आईचा, आणि तो ती आल्यागेल्याला ऐकवायची. गाजरघास दिसायला सर्वांत चांगली, पण ती अंगाला खाजवते आणि श्वासाला त्रास देते, म्हणून मी ती घरात येऊ दिली नाही.

‘एवढी सुंदर बाभूळ झाली असती,’ बाबा म्हणायचे.

‘तुम्हाला दम लागतो ना?’

‘बाभळीला नाही लागत.’

काड्या धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवायच्या. मग त्यांच्यावर पानं. पानं म्हणजे लाकडाचा भुसा, मिक्सरच्या जुन्या भांड्यात फिरवलेला, चहाच्या गाळणीतून चाळलेला आणि रंगवलेला. रंगासाठी मी भेरूगढला गेले. तिथे चादरींवर ठसे मारणारा एक ओळखीचा रंगारी आहे. त्याला हिरवा मागितला तर त्याने विचारलं, ‘दीदी, कौन सा हरा? नीम का, इमली का?’ मी फोन लावून दिला. बाबा आणि तो हिरव्यावर इतका वेळ बोलले की माझी रिक्षा निघून गेली. पळसाच्या फुलांसाठी आईने टेसूची, म्हणजे पळसाचीच, वाळलेली फुलं उकळून भुसा केशरी करून दिला.

भुसा लावलेलं झाड उलटं टांगून वाळवावं लागतं, नाहीतर पानं खोडाकडे घसरतात. कपडे वाळवायच्या गोल स्टँडला चिमट्यांनी झाडं लटकवलेली असायची. सकाळी उजाडण्याआधी मला जाग यायची. मी अनवाणी बैठकीत यायची, कारण बाबा त्या दिवसांत तिथेच दिवाणावर झोपत. पंखा बंद, थंडी, आणि तरी ती उलटी झाडं किंचित हलत असायची. मी दिवाणापाशी उभी राहून त्यांचा श्वास ऐकायची. श्वास आत गेला की तो बाहेर येईपर्यंत मी स्वतःचा धरून ठेवायची. मग चहा टाकायला जायची. आई ओट्याशी आधीच उभी असायची. ‘झोपलेत,’ मी म्हणायची. ‘माहितीये,’ ती म्हणायची. तीही बघून आलेली असायची. याहून जास्त आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

काम भराभर झालं. संक्रांतीपर्यंत बाभळी उभ्या राहिल्या, पळस फुलले, चिंचही झाली. मी यादीत एकेक खूण करत होते. आणि मग बाबा एक दिवस म्हणाले, ‘फाटकवाल्याच्या झोपडीमागे एक बोर होती.’

बोर केली.

‘टाकीच्या पलीकडे शेवगा होता ना. कसा विसरलो मी?’

शेवगा केला. मग कण्हेर आठवली. मग रुळाकडेला रुईची झुडपं. मग सिग्नलजवळ दोन खजूर होते, पण एक नंतर पडला, तर उभा दाखवायचा की पडलेला, यावर एक संध्याकाळ गेली. मी ‘पडलेला दाखवा’ म्हटलं, कारण पडलेला लवकर होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि उभा करायला घेतला.

तेव्हा मी यादी नीट मोजून पाहिली. माझी यादी लहान होत नव्हती. मी जेवढं पुसत होते तेवढं ते पुन्हा लिहीत होते. इंदूरहून फोन येत होते. तारीख घ्यायची आहे का, पुढची घ्यायची का. मी ‘कळवते’ म्हणत होते. बाबांची हॉस्पिटलची फाइल मी मुद्दाम त्यांच्या टेबलावर ठेवली, तर तिच्यावर त्यांनी गोंदाची वाटी ठेवली.

‘बाबा, तारीख घेऊ?’

‘कडुनिंब राहिलाय.’

‘मग करा ना कडुनिंब.’

‘तशी काडी मिळायला पाहिजे. नीम म्हणजे काय फालतू झाड आहे?’

आणि महाशिवरात्र जवळ येत होती. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. आमची गल्ली महाकालच्या बाजूला आहे. शिवरात्रीच्या आधीपासून रस्त्यांवर बॅरिकेड लागतात, रिक्षा दूर अडवतात, आणि गल्लीत पायी चालणाऱ्यांचा लोंढा असतो. बाकी वर्षांत आम्ही त्याची तयारी दूध आणि भाजी आधी भरून करतो. त्या वर्षी मी शाळेतून येताना प्रत्येक वळणावर फक्त एवढंच बघत होते, की अँब्युलन्स आली तर ती कुठून वळेल. बोहऱ्यांच्या दुकानापाशी वळेल का? तिथे हातगाडी असेल तर? बाबांना खुर्चीवर बसवून चौकापर्यंत न्यायला किती माणसं लागतील? गल्लीतल्या त्या चौघांचे फोन नंबर मी वेगळे काढून ठेवले. त्यांना वाटलं, फळी परत वर न्यायची असेल.

मग एक दिवस शाळेत असताना बाबांच्या नंबरवरून फोन आला आणि बोलणारा माणूस बाबा नव्हता.

‘बहनजी, आप इनकी बेटी बोल रही हैं? बाबूजी इधर रामघाट पे हैं. घबराइए मत. थोड़ा चक्कर आ गया है.’

‘घबराइए मत’ ऐकल्यावर माणूस काय करतो ते मला त्या दिवशी कळलं. मी पर्स घेतली, चष्मा टेबलावर ठेवला आणि निघाले. रिक्षात सगळं धुरकट दिसत होतं आणि मला वाटत होतं की मी रडते आहे. मी रडत नव्हते, चष्मा नव्हता.

बाबा घाटाच्या वरच्या पायरीवर एका पंड्याच्या छत्रीखाली बसले होते. चेहरा राखेसारखा. पंडा पोथीच्या पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत होता. बाबांच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यातून नदीकाठच्या गवताचे तुरे बाहेर आले होते.

‘बाबूजी पूछ रहे थे, इधर नीम जैसी डंडी कहाँ मिलेगी,’ पंडा म्हणाला. ‘मैंने कहा, बाबूजी, नीम जैसी डंडी तो नीम पे मिलेगी.’

‘ह्यांना मापाचं काही कळत नाही,’ बाबा पुटपुटले.

त्यांच्या हाताला घाम होता आणि हात थंड होता. मी तो धरून बसले. खाली लोक अंघोळ करत होते, कोणी दिवे सोडत होतं. बाजूच्याच पायरीवर एक कुटुंब डोकं भादरलेल्या मुलाला घेऊन कुणाचं तरी श्राद्ध करत होतं. मी बाबांना पाठ त्यांच्याकडे होईल असं बसवलं. ‘ऊन येतंय,’ असं म्हटलं. ऊन नव्हतं.

त्यानंतर मी बाबांना एकटं सोडलं नाही. मी नसेन तेव्हा आई, आई नसेल तेव्हा मी. पण एका दुपारी शाळेत तपासणी आली आणि मला निघायला उशीर झाला, आणि आई मी येतच असेन असं धरून कॉलनीतल्या भजनाला गेली. मी धावत घरी पोचले तर दार लोटलेलं होतं आणि बाबा टेबलाशी बसलेले होते. ठीक होते. मला हायसं वाटलं, आणि मग टेबलावर उलगडलेलं लाल कापड दिसलं.

त्या गाठोड्याबद्दल सांगायला हवं. आमच्या अंगणातली तुळस दर हिवाळ्यात वाळते. वाळली की आई ती उपटते, काड्या धुते, उन्हात ठेवते आणि लाल कापडात बांधून देवाच्या कपाटात ठेवते. घरात कोणी गेलं तर चितेवर तुळशीची काष्ठं ठेवतात, त्यासाठी. गल्लीत कोणाकडे असा प्रसंग आला की लोक आमच्या दारात येतात आणि आई चार काड्या काढून देते. मी चाळिशीची झाले तेव्हा तिने मला कपाट उघडून दाखवलं होतं, गॅसचा कॉक कुठे आहे ते दाखवावं तसं. ‘गडू इथे. काड्या इथे. वेळेला शोधत बसू नकोस.’ याद्या करायची सवय मला कुणाकडून आली ते यावरून कळेल.

त्या काड्या बाबांनी झाडाला लावल्या होत्या. तीन जाड काड्या दोऱ्याने पिळून खोड केलं होतं. त्यातून फांद्या, फांद्यांतून बारीक फांद्या, सगळं गोंदाने जोडलेलं. निम्मा कडुनिंब उभा होता. आणि तो हुबेहूब होता.

‘बघ,’ बाबा मान वर न करता म्हणाले. ‘सालीवरच्या रेघासुद्धा मापात आहेत. घरातच होती काडी, आणि आपण गावभर फिरत होतो.’

‘बाबा, हे कपाटातून घेतलंत?’

‘मग काय, नदीतून?’

‘हे कशासाठी ठेवलेलं असतं, माहितीये ना तुम्हाला?’

त्यांनी गोंदाची वाटी माझ्याकडे सरकवली. चिमट्यात एक काडी धरून माझ्यापुढे केली. ‘इथे गोंदाचा थेंब दे.’

मी दिला. आई येईल आणि हे बघेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ऑपरेशन तोंडावर आलेलं, घाटावर तो प्रकार झालेला, आणि नवऱ्याने स्वतःच्या हाताने त्या काड्या बाहेर काढलेल्या. आई कधी शकुन-अपशकुन बोलून दाखवत नाही, पण पाळते सगळे. मी उरलेल्या काड्या गोळा केल्या. त्या अगदी थोड्या होत्या. मग आघाड्याच्या काड्यांची पुडी उघडली आणि त्यातल्या मूठभर लाल कापडात घालून वर चार तुळशीच्या ठेवल्या. गाठ आईसारखी बसेना. चितेसाठी जपलेल्या गाठोड्यात मी रस्त्याकडेचा आघाडा भरत होते, आणि तेव्हा मला ते अत्यंत व्यवहारी काम वाटत होतं.

अंगणाचं फाटक वाजलं. आई आत आली. हातात प्रसादाचा द्रोण. तिने टेबल पाहिलं, झाड पाहिलं, माझ्या हातातली अर्धवट गाठ पाहिली. द्रोण स्टुलावर ठेवला.

‘अहो.’

‘हं.’

‘त्या माझ्या होत्या.’

बाबांचा चिमटा थांबला. ‘तुझ्या म्हणजे?’

‘माझ्यासाठी ठेवल्या होत्या. मी आधी जाणार होते ना.’

गाडीत खिडकीजवळची जागा आपली होती, असं सांगावं तशा आवाजात ती बोलली.

‘तू आधी जाणार हे कुणी ठरवलं?’

‘मीच. मी गेले तर तुम्ही निभावून न्याल. तुम्ही गेलात तर मला काही जमायचं नाही.’

बाबांनी चिमटा खाली ठेवला.

‘मला वाटलं माझ्यासाठी काढून ठेवलंय,’ ते म्हणाले. ‘पहिल्यांदा वर असायचं, दिसायचं नाही. इकडे बसायला लागलो तर समोर खालच्या खणात. रोज. गोंद लावतो, मान वर करतो, गाठोडं. आणि शेजारी गडू. म्हटलं, चला, तयारी झालेली दिसते.’

मी काही बोलणार होते. खण मी लावला होता. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

‘आज वाटलं, झाडच करून टाकू. संपवून टाकू ते.’ आणि मग तसाच आवाज ठेवून म्हणाले, ‘घाबरलो मी.’

माझ्या सबंध आयुष्यात मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

‘कशाला घाबरायचं?’ आई म्हणाली, पण तिचा आवाज फाटला होता.

‘कापण्याला नाही घाबरत. कापू देत. झोपवणार ना पण आधी?’ बाबा आता भराभर बोलत होते. ‘एवढी वर्षं गाडीवर होतो, चालत्या गाडीत डोळा लागू दिला नाही. ड्रायव्हर पुढे बघतो, मागचं कोण बघणार? गार्ड. आणि आता मलाच झोपवणार, आणि गाडी तर चालूच राहणार. मागे कोण बघणार? काही झालं तर मला कळणारसुद्धा नाही.’

म्हणजे बोर, शेवगा, कण्हेर, दोन खजूर. हे सगळं यासाठी होतं. मी त्यांना झाडं पुरवत राहिले होते आणि ते त्यांच्यामागे जाऊन उभे राहत होते.

आई त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर बसली. माझ्या हातातून लाल कापड घेतलं, उलगडलं, आघाड्याच्या काड्या बघून माझ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मी विसरणार नाही. त्या बाजूला सारल्या आणि तुळशीच्या होत्या त्या सगळ्या बाबांपुढे सरकवल्या.

‘घ्या याही. एवढ्या मोठ्या झाडाला एवढ्या फांद्या पुरतात का? मधे भोक दिसतंय.’

‘आई, अगं—’

‘काय आई?’

‘सगळ्या नको. चार ठेव. लागल्या तर?’

तोंडातून निघून गेलं. इतके दिवस पहाटे मी जे दिवाणापाशी उभी राहून मनात येऊ देत नव्हते, ते बाबांच्या समोर माझ्या तोंडून निघालं. टांगलेलं रुईचं एक झुडूप चिमट्यातून सुटून खाली पडलं आणि आम्ही तिघंही दचकलो.

‘लागल्या तर,’ आई म्हणाली, ‘गल्लीतून मागून आणशील. आजवर गल्ली आपल्याकडून नेत आली.’

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना दम लागला, आणि मी पाण्याला धावले. पण ते हसतच होते. ‘ऐकलंस कंट्रोल? वेळेला मागून आणायचं. यादीत लिही.’

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून कडुनिंब पुरा केला. बाबांनी फांद्या लावल्या, मी गोंद फवारला, आईने गाळणीतून हिरवा भुसा पाडला. नीमचा हिरवा, चिंचेचा नाही. माप तेरा सेंटीमीटरच्या थोडं वर गेलं आणि बाबांनी ते चालवून घेतलं. वाळल्यावर दुसऱ्या दिवशी झाड फलाटाच्या मध्यावर बसवलं. बाबांनी बटण दाबलं. छोटी गाडी फाटकातून आली, पळसांच्या समोरून गेली आणि झाडापाशी थांबली. मी हातात यादी धरून उभी होते. त्यांना आता कुठलं झाड आठवतं, याची वाट बघत होते.

‘लाइन क्लिअर,’ बाबा म्हणाले. ‘घे तारीख.’

बॅरिकेड लागायच्या आत आम्ही इंदूरला होतो. भाऊ पुण्याहून आला. आत नेण्याआधी भूल देणारे डॉक्टर बोलायला आले तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, ‘सुलाएँगे आप ही?’

‘जी, बाबूजी.’

‘तो फिर गार्ड आप हुए. पीछे का डब्बा देखते रहना.’

डॉक्टरांना काय कळलं देव जाणे. पण ते गंभीरपणे म्हणाले, ‘पूरी गाड़ी देखूँगा, बाबूजी.’ बाबांनी उशीवर मान टाकली.

मग दार बंद झालं. माझ्याकडे फाइल होती, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या, रक्त देणाऱ्यांचे नंबर होते, आणि त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. बाकावर आई माळ ओढत होती. मला जप येत नाही. मी डोळे मिटले आणि स्टेशनवरून चालायला लागले. फाटक, दोन बाभळी. झोपडीमागे बोर. मालधक्का, पळस, पळस, त्यातला तिसरा जास्त वाकडा. टाकी, चिंच, पलीकडे शेवगा. कण्हेर. पेरू. एक खजूर, मग पडलेला तो दुसरा, इथे उभाच. मग कडुनिंब. कडुनिंबापाशी आले की मी पुढे जात नव्हते. परत फाटकापासून सुरू करत होते. एखादं झाड विसरलं तर आत काहीतरी चुकेल असं मला वाटत होतं. माझ्यासारख्या बाईला हे वाटत होतं. दार उघडायचं, कोणी दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारायचं, आणि मी पुन्हा फाटकाशी.

शेवटी आमचं नाव आलं. झडप बसली होती. बाबा अजून झोपेत होते.

ते बरे झाले. फार सावकाश, फार कटकट करत. घरी आल्यावर स्टेशनकडे बघून पहिलं काय म्हणाले असतील, तर ‘कडुनिंब जरा मोठाच झालाय, नाही?’

आता माझं घर पूर्वीसारखंच चालतं. जास्तीचा सिलिंडर असतो, मेणबत्त्या असतात, बाबांची औषधं महिनाभर आधी आलेली असतात. फक्त कपाटातल्या खणात गाठोड्याची जागा रिकामी असते. तुळस वाळली की आई काड्या धुते, वाळवते आणि त्याच दिवशी सरळ बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवते. एकही मागे ठेवत नाही. मला ते दिसतं. रिकाम्या जागा मला लगेच दिसतात. मी तिथे काही ठेवत नाही.

परवा गल्लीतल्या एका घरातलं म्हातारं माणूस गेलं. त्यांचा मुलगा दारात आला. ‘काकू, तुळशीच्या काड्या हव्या होत्या.’

‘नाहीत रे बाळा,’ आई म्हणाली. ‘कोपऱ्यावर विचार.’

तो बुचकळ्यात पडून गेला. आमच्या घरात नाहीत, हे गल्लीत पहिल्यांदाच कुणी ऐकलं असेल. आईने दार लावून घेतलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. टेबलावर नवं झाड होतं, चिमट्याने ते एक फांदी सरळ करत होते.

‘ह्या बाभळीला पिवळा जास्त झालाय,’ ते म्हणाले. ‘थोडा हिरवा चाळून दे.’

मी गाळणी घेतली आणि त्यांच्याशेजारी बसले.